सेकंड होमचा सातबारा

सोमवारी सकाळी ऑफिसातली मंडळी माझ्या तोंडाकडे नाही, आधी बुटांकडे बघतात. बुटांना चिखल असला, की मी रोह्याहून थेट आलेय आणि पिशवीत वाटण्यासारखं काहीतरी आहे हे त्यांना कळतं. जानेवारीत वालाच्या शेंगा, मे महिन्यात रायवळ आंबे, पावसाळ्यात बहुतेक वेळा नुसतीच सर्दी. वाटून झालं की ठरलेला प्रश्न येतो : ‘काय मग, घेतलंस की नाही घर?’

नाही घेतलं. चार वर्षं होऊन गेली. तेवढ्यात आमच्या टीममधल्या दोघांनी कर्जत-नेरळच्या बाजूला ‘सेकंड होम’ बुक केलं, त्यातल्या एकाने विकूनही टाकलं. मी मात्र अजून त्याच कौलारू घराचं महिना ६ हजार भाडं भरतेय. कुणी कारण विचारलं की ‘पेपर्स क्लिअर नाहीत यार’ असं म्हणून मी मोकळी होते. लिफ्टमध्ये तेवढंच सांगता येतं. आज अख्खं पान हातात आहे, तर सगळंच सांगते.

सुरुवात अगदी तुमच्यासारखीच झाली. २०२१ साल, डोंबिवलीचा वन बीएचके, दोन लॅपटॉप आणि एकच टेबल. नवऱ्याचा कॉल सुरू असताना मी बाथरूममधून प्रेझेंटेशन दिलंय, तेही दोनदा. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने रोह्याजवळच्या एका गावात हे घर भाड्याने मिळालं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे आठ गाड्या आणि एक ड्रोन येईल. रोहा स्टेशनपासून मिनिडोअरने वीस मिनिटं. पुढे ओटा, मग पडवी, माजघर, मागे नऊ गुंठ्यांची वाडी : दोन आंबे, एक फणस, शेवगा आणि कुणीही न लावता आलेल्या पपया. मालक नालासोपाऱ्याला राहतात. करार अकरा महिन्यांचा आणि अट एकच. गौरी-गणपतीच्या दिवसांत घर त्यांना मोकळं करून द्यायचं. मी म्हटलं, एवढंच? हसत सही केली. तेव्हा कुठे ठाऊक होतं, की सगळी गोष्ट त्या एका अटीतच आहे!

रोहा तुम्ही बहुतेक झोपेत पाहिलं असेल. कोकणात जाणारी गाडी इथवर मध्य रेल्वेच्या रुळांवरून येते आणि इथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून जगाच्या दृष्टीने रोहा म्हणजे ‘आता खरं कोकण लागलं’ असं म्हणायची जागा. काहींना कोलाडचं राफ्टिंग ठाऊक असतं. सकाळी धरणातून पाणी सोडतात, मग बोटी निघतात, मग भजी. ते कुंडलिकेचं पाणी मुळात सह्याद्रीच्या पलीकडचं आहे. मुळशीच्या धरणातून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून नदीत. त्याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला होता, सेनापती बापटांचा. लाइफ जॅकेट घालताना हे कुणी सांगत नाही. मीही पहिल्या वर्षी ओरडत ओरडत राफ्टिंग करून आलेच.

आधी प्रवासाचा हिशोब, कारण जाहिरातीतल्या ‘मुंबईपासून फक्त दोन तास’ या वाक्यावर माझा जुना राग आहे. पनवेल ते रोहा रेल्वेने साधारण ७५ किलोमीटर. रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे आणि मग रोहा. खिडकी मिळाली तर याच्यासारखी सुंदर गाडी नाही, पण गाड्या मोजक्याच. एक चुकली की पनवेलला बसून वडापाव खायचा आणि आयुष्याचा विचार करायचा. रस्त्याने जायचं तर मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर माझी डिग्री झाली, तीन नोकऱ्या झाल्या, लग्न झालं, आणि आमच्या गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर दोनदा बदलून झाले. मला आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला हजेरी लावावी लागते, म्हणून हे जमतं. रोज अप-डाऊन करणारे लोक त्या गाडीत आहेत, मी त्यांना रोज भेटते आणि त्यांच्यासमोर ‘दगदग’ हा शब्द काढत नाही.

आता पाऊस. माझं एक मत ऐका, फुकट देतेय : ज्या गावात एक अख्खा पावसाळा भाड्याने राहिला नाहीत, तिथे एक वीटसुद्धा घेऊ नका. डिसेंबरात घर दाखवतात तेव्हा सगळं सही असतं. हवेत गारवा, शेतात वाल, रात्री शेजारचे पोपटीला बोलावतात. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावून त्यात शेंगा, अंडी, चिकन भरायचं, मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. ती एक पोपटी खाल्ली की माणूस चेकबुक काढतो! मी तर दुसऱ्याच पोपटीला मनातल्या मनात पडद्यांचे रंग ठरवले होते.

जूनमध्ये मात्र घर खरं बोलायला लागतं. इथे एका मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा, मला खात्री आहे, आमच्या माजघराच्या डाव्या कोपऱ्यात. कपडे आठवडाभर वाळत नाहीत. चपलांवर बुरशी येते. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की मोबाइलचा टॉवरही मान टाकतो. मग क्लायंटला काय सांगायचं? बेडूक ओरडतोय म्हणून म्यूटवर आहे? शेजारच्या काकी मला बघून हसायच्या. त्यांनी ३ जून २०२० पाहिलाय. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने घुसलं आणि जिल्हाभर कौलं, पत्रे, आंबे, सुपारी सगळं लोळवून गेलं. काकींच्या गोठ्याचा पत्रा त्यांना दोन शेतं पलीकडे सापडला. तेव्हापासून त्यांच्या घरात वादळ ‘गेल्या वर्षीचं’च आहे, साल कुठलंही असो.

त्याच पावसाळ्यात मी शिकले, की घर बघताना खोल्या मोजायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या. पाणी कुठवर येतं? रोहा आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका जाते, जोराचा पाऊस लागला की जुन्या पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा असते. निळीच्या आतलं घर स्वस्त का आहे, हे कुणी आपणहून सांगणार नाही. मागचा डोंगर कसा आहे? २०२१ ला तळिये आणि २०२३ ला इर्शाळवाडी, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली, त्यामुळे ‘हिल व्ह्यू’ हा शब्द मी आता दोनदा वाचते. आणि वारा कुठून येतो? धाटावला रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तिथल्या नोकऱ्यांवर तालुक्यातली कितीतरी घरं चालतात आणि वाऱ्याची दिशाही त्याच घरांना पाठ असते. विचारलंत तर सांगतात.

हे सगळं बघूनही आमचं प्रेम टिकलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मालकांचाच फोन आला : ‘मॅडम, आम्हाला घर विकायचंय. तुम्ही घेताय का? नाहीतर एजंटला सांगतो.’ घर आणि मागची वाडी मिळून १८ लाख. त्या रात्री मी आणि नवऱ्याने एक्सेल शीट उघडली आणि पहाटेपर्यंत बंद केली नाही.

मालकांनी तोवर एजंटलाही सांगितलंच होतं. तो दुसऱ्याच रविवारी हजर! पांढरा शर्ट, दोन फोन. ‘मॅडम, अटल सेतू झाला. एअरपोर्ट झाला. पेणपर्यंत तिसरी मुंबई येतेय. पाच वर्षांत तिप्पट.’ त्याचं निम्मं खरं होतं. सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, तिसऱ्या मुंबईच्या अधिसूचनेत उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं आहेत. रोह्याचं त्यात नाव नाही, पण भाव मात्र रोह्यातही वाढले. त्याच पेण तालुक्यात २००८ च्या सप्टेंबरात सरकारने २२ गावांतल्या शेतकऱ्यांचं चक्क मतदान घेतलं होतं, सेझला जमीन द्यायची की नाही यावर. तो सेझ उभा राहिला नाही. एजंट ही गोष्ट सांगत नाही. त्याच्या नकाशात गावं नसतात, फक्त टप्पे असतात.

मी म्हटलं, ‘वाडी तर शेतजमीन आहे. आम्ही शेतकरी नाही.’

‘गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत आहे मॅडम, एनए झाल्यातच जमा.’

इथे थोडं थांबते, कारण या वाक्यात अनेकांचे पैसे अडकलेत. जमीन महसूल कायद्यात गावठाणालगतच्या जमिनीसाठी तशी सोय आहे खरी. पण तेव्हाच्या नियमाने रूपांतर कर भरून तहसीलची सनद हातात पडेपर्यंत ते शेतच होतं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हे १९४८ च्या कूळ कायद्यापासून आहे. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. जाहिरातीत जे ‘दोन गुंठ्यांचे फार्म प्लॉट’ दिसतात, त्यांची या कायद्यात किती वर्षं फरफट झालीय ते एखाद्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून ऐका. अलीकडे त्यात बरेच बदल झालेत, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. एजंटकडे माझ्या शंकेचंही उत्तर होतं : ‘शेतकरी दाखला काढून देतो ना. तीन आठवडे.’ असा खोटा दाखला निघाला आणि नंतर उघड झाला, तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. हे मला त्याने नाही, वकिलांनी सांगितलं.

गावठाणातल्या घराची तऱ्हा वेगळीच. त्याला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा असतो, पण तो घरपट्टीचा कागद, मालकीचा नव्हे. २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक द्यायला सुरुवात झाली. ते मिळालेलं घर असेल तर डोक्याचा निम्मा ताप कमी. आमच्या घराचा आठ नंबर अजून मालकांच्या आजोबांच्याच नावावर, आणि आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झालेली. बँकेच्या लोनवाल्या मुलाने कागद बघितले आणि इतक्या हळुवारपणे परत दिले, जणू कुणाच्या आजाराचे रिपोर्ट होते. रोहा म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचं गाव. तिथल्याच घरासाठी मला कर्ज मिळेना!

शेवटी रोह्यातल्या एका वकीलसाहेबांकडे गेले. साठीचे, शांत, टेबलावर सुपारीचा डबा. सातबारा मोबाइलवर दाखवला तर म्हणाले, ‘प्रिंट द्या. कागदावर बोट ठेवून वाचायची सवय आहे.’

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातावर कुणाचा काय हक्क, बारावर कुठलं पीक. आपण शहरातले लोक मालकाचं नाव बघतो आणि घडी घालतो. वकीलसाहेबांचं बोट आधी ‘इतर हक्क’ या रकान्यावर गेलं. बोजा तिथे असतो, खाजगी वनाची नोंद तिथे दिसते. जमीन आदिवासींची असेल, आणि रोहा-पेणला कातकरी वाड्या पुष्कळ आहेत, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. आमच्या वाडीवर वेगळीच नोंद होती : कूळ कायदा, कलम ४३.

‘म्हणजे आजोबा कूळ होते,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘जमीन खोताची. कसत हे होते.’

मग त्यांनी मला अर्धा तास शिकवणी दिली. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्षानुवर्षं लोकांनी शेतं पडीक ठेवली, पण खोताला धान्य मोजून दिलं नाही. पुढे कूळ कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला, आणि त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. फुकट नाही. किंमत ठरली, ती हप्त्याहप्त्याने भरायची. हप्ते फिटले की सर्टिफिकेट. अशी मिळालेली जमीन विकायची तर कलम ४३ चे सोपस्कार आधी करावे लागतात.

मी मनात म्हटलं, म्हणजे ईएमआय. या वाडीवर माझ्या आधी कुणीतरी ईएमआय भरलाय.

वकीलसाहेबांचं बोट आता मालकांच्या नावांवर आलं. मालक, त्यांचा भाऊ, आणि तिसरं एक बाईचं नाव. ‘ही कोण?’

मी मालकांना तिथूनच फोन लावला. ‘आत्या आहे. म्हातारी आहे. ती सही करेल, तिचं काही नाही,’ ते म्हणाले. ‘हक्कसोड करून घेऊ. साडीचोळी आणि पन्नास हजार देतोय ना आम्ही.’

वकीलसाहेबांनी फोनमधलं ऐकलं असावं. कागदाकडेच बघत म्हणाले, ‘आजोबांना मुलं दोनच. एक मुलगा, एक मुलगी. मुलाच्या वाटणीचे हे दोघे भाऊ. मुलीची वाटणी तिची. माझ्या मते निम्मी.’ १८ लाखांच्या निम्मे किती होतात, हे मला एक्सेलशिवाय जमलं. ‘१९५६ च्या कायद्यापासून मुलगी बापाची वारस आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं, २००५ मध्ये सगळ्या देशाने, २०२० ला सुप्रीम कोर्टाने उरलंसुरलं स्पष्ट केलं. कायद्याचं काम झालंय. इथे माझ्या टेबलावर मात्र आठवड्याला एक तरी हक्कसोडपत्र होतं.’

मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, ‘तुमच्या घरात कुणाचं नाव आहे का सातबाऱ्यावर? वडील, आई? असेल तर तुमच्या शेतकरी असण्याचा प्रश्न सोपा होईल.’

‘आईचं होतं. माणगावला. मामांकडे.’

‘होतं म्हणजे?’

मी सांगितलं. मी तिसरीत होते. आई एका दुपारी माणगावला जाऊन आली, येताना हिरवी साडी घेऊन आली. आजी म्हणाली, चांगलं केलंस, भावांशी वाकडं नको. बस, इतकंच आठवतं. त्या साडीची पुढे माझ्या गॅदरिंगसाठी ओढणी कापली.

‘मग नाही,’ वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी सुपारी कातरली.

घरी येईपर्यंत मला हसायला येत होतं. आईने एक सही केली म्हणून आज मला वाडी घेता येत नव्हती. आणि घर घ्यायचं, तर मला दुसऱ्या एका बाईची तशीच सही हवी होती. नवरा म्हणाला, ‘तू ओव्हरथिंक करतेस. आपण पूर्ण पैसे देतोय. ते आपसात कसे वाटतात, हा त्यांचा प्रश्न.’ तो वाईट माणूस नाही. त्या एक्सेल शीटमध्ये त्याचा पीएफ होता. आठ दिवस आम्ही या एका वाक्यावर भांडलो. एकदा तर डोंबिवली ते पनवेल शब्दही न बोलता आलो आणि पनवेलला चहा मात्र दोन घेतले.

शेवटी मी आत्यांना भेटायला गेले. एकटीच, मालकांना न सांगता. कोलाडच्या पुढे एका वाडीत त्यांचं घर. मी कोण, हे सांगितल्यावर म्हणाल्या, ‘म्हंजे तूच ती आमच्या घरात राहनारी. ये बाय, च्या घेशील ना?’

सत्तरी कधीच ओलांडलेल्या. नवरा गेलेला, मुलगा कंपनीत कंत्राटावर. मी पैशांचा विषय कसा काढायचा याची वाटभर तयारी केली होती, पण त्यांनी वाडीतल्या फणसापासूनच सुरुवात केली. फणस अजून धरतो का? बुंध्याशी लागतो की वर? विहिरीच्या बाजूचा आंबा पडला ना निसर्गात? मग आपणहूनच म्हणाल्या, ‘तो कागद आला तवा मी अकरा-बारा वर्सांची व्हते. बापाने आनून आयच्या हातात दिला. आयने तांदळाच्या कणगीत ठेवला. हप्ता भरायला पैसं नसायचं, तवा मी नि आय लोकांच्या लावणीला जायचो. पायाची बोटं कुजायची.’ त्यांनी पाय पुढे करून दाखवला, जणू अजून तिथे काही दिसणार होतं.

मी विचारलं, ‘आत्या, तुम्हाला विकायचंय का?’

‘माला कोन इचारतंय?’ त्या हसल्या. ‘सही कर म्हनला पोर. करीन. पोरं वाईट नाय. पन गनपती नालासोपाऱ्याला नेनार म्हनतात. तिथं दोन खोल्या हायत. गौरीला मी कुठं जाऊ?’

त्यांना निम्म्या हिश्श्याचं ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही. मी सांगितलं. आकडाही सांगितला. हे मी करायला हवं होतं का? अजून ठरत नाही. एखाद्याच्या घरात शिरून कागद उलटे करणारी शहरी बाई, असं मालक नंतर फोनवर म्हणाले आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आत्यांनी आकडा ऐकला, बशीत चहा ओतला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘एवडं व्हय?’ आणि विषय बदलला.

मी मालकांना कळवलं, की आत्यांचा हिस्सा त्यांच्या नावाच्या वेगळ्या चेकने जाणार असेल आणि त्या स्वतः वकिलांसमोर बसून कागद ऐकणार असतील, तरच घराचा विचार करू, आणि वाडी कायद्याने जमेल तेव्हाच. मालक चिडले. एजंटने दोन गिऱ्हाइकं आणली, दोघांच्याही वकिलांचं बोट त्या तिसऱ्या नावावर थांबलं. मग आत्यांनीच निरोप धाडला, की सध्या सही करणार नाही. कारण सांगितलं नाही. भाव आणखी वाढले. आज हेच घर माझ्या बजेटच्या बाहेर गेलंय, हे मला व्यवस्थित कळतं. नवऱ्यालाही कळतं, पण तो आता बोलत नाही. माजघराचा डावा कोपरा मात्र त्याने गेल्या उन्हाळ्यात स्वतः वर चढून शाकारला.

गेल्या गणपतीत मी नेहमीप्रमाणे घर रिकामं करायला घेतलं, तर आत्यांचा फोन. ‘तू कुठं चाललीस? ऱ्हा की.’ मी आईलाही घेऊन गेले. मालक आले, पहिल्या दिवशी माझ्याशी जरा तुटक वागले, दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर बिघडला तेव्हा माझ्याच नावाने हाक मारली. गौरी आल्या त्या संध्याकाळी आई आणि आत्या माजघरात मोदक वळत बसल्या होत्या. दोघींचं काय बोलणं झालं ठाऊक नाही. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन एक डेडलाइन गाठत होते.

रात्री आई ओट्यावर आली. म्हणाली, ‘तुझ्या त्या मोबाइलवर माणगावचा दिसतो का?’

मी मामांच्या गावाचं नाव टाकलं, गट नंबर तिला पाठ होता. सातबाऱ्यात कमी झालेल्या नावाला कंस करतात, पुसून टाकत नाहीत. खाली दोन मामा, आणि वर कंसात आई. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ.

‘वेलांटी चुकलीय,’ म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘याची प्रत काढायला किती पडतात?’

‘सहीवाली? पंधरा रुपये.’

‘मग काढ एक.’